गाडी मिसिंग करते तेव्हा

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मागच्या वेळी आपण गटाच्या गाडीचा विमा आणि कागदपत्रं यांच्याविषयी बोललो होतो. आज बोनेट उघडूया. आजचा विषय आहे स्पार्क प्लग. टर्बोच्या पेट्रोल गाडीला प्लग कोणता घ्यायचा, आणि गाडी झटके मारायला लागली की खरा दोष कुठे आहे तो कसा शोधायचा.

काहीजणी म्हणतील, हे गॅरेजवाल्याचं काम, आपल्याला काय करायचंय. आम्हीही बैठकीत हे पुष्कळदा ऐकतो. पण जरा हिशोब करा. गाडीचा हप्ता कोण भरतं? गट. पेट्रोल कोण घालतं? गट. गॅरेजचं बिल कोण देतं? तेही गटच. मग गाडीला काय झालंय हे कळणारं आपल्यात एक तरी माणूस नको का? २०१७ साली केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना आणली, ती बचत गटाच्या बायकांनी गावाकडच्या रस्त्यांवर गाड्या चालवाव्यात म्हणूनच. म्हणजे गाडी दारात येणार हे सरकारनेही धरलंय. ती दारात बंद पडली की काय करायचं, ते आपलं आपल्याला शिकायला हवं.

आमच्या गटाची गाडी पाटण तालुक्यातली. सेकंडहँड घेतलेली, पेट्रोलची, तीन सिलिंडरची, टर्बोवाली. नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ, लोणची असा माल घेऊन कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाते, आणि येताना बाजाराचं सामान, माणसं घेऊन तोच घाट चढते. हा घाट आणि तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय, त्यांना सांगायला नको की तिथे गाडी अडली तर काय होतं. आज जे सांगणार आहोत, त्यातलं बरंचसं या गाडीने आणि एका भल्या मेस्त्रीने आम्हाला शिकवलेलं आहे.

प्लग करतो काय?

गॅसच्या शेगडीचा लायटर आठवा. खटका दाबला की टोकाला चट् करून ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. स्पार्क प्लगचं काम तेच. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल येतं, पिस्टन वर जाऊन ते दाबतो, नेमक्या क्षणी प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. त्याच जोरावर चाक फिरतं. मग जळलेला वायू सायलेन्सरमधून बाहेर.

फरक एवढाच की लायटर आपण दिवसातून चार-पाच वेळा दाबतो. गाडीचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरचा प्लग सेकंदाला २५ वेळा ठिणगी टाकतो. त्यातल्या काही ठिणग्या चुकल्या की गाडीला झटका बसतो. यालाच मेस्त्री म्हणतात, गाडी मिसिंग करते.

ठिणगी पडते ती प्लगच्या टोकाशी असलेल्या बारीक फटीत. मधे एक दांडी, वरून वाकवलेला एक पत्रा, आणि दोघांच्या मधे फट. हिला गॅप म्हणतात. ही फट ओलांडायला हजारो व्होल्टचा दाब लागतो, वीस-तीस हजारांपर्यंतसुद्धा. गाडीची बॅटरी तर फक्त १२ व्होल्टची. तो दाब वाढवून देते ती कॉइल. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक-एक वेगळी कॉइल बसवलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक खुलासा. डिझेल गाडीला, ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो. तिथे हवा इतकी दाबली जाते की डिझेल नुसत्या उष्णतेने पेटतं. तिथे असतो तो ग्लो प्लग, थंडीत इंजिन चालू व्हायला मदत करणारा. त्यामुळे डिझेल गाडी झटके मारते म्हणून कुणी स्पार्क प्लग बदलायला सांगितला, तर हसून दुसऱ्या गॅरेजला जा.

टर्बो आला की काय बदलतं?

टर्बो म्हणजे एक छोटा पंखा. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोराने तो फिरतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद मिळते. आपल्यासाठी सोयीचंच आहे.

पण याचा भार पडतो प्लगवर. एक तर आतला दाब वाढतो. दाबलेल्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. वाऱ्यात काडी ओढल्यासारखं. म्हणून टर्बोच्या गाडीला प्लगची फट कमी ठेवतात. साध्या इंजिनाला साधारण १ मिलिमीटर किंवा थोडी जास्त असते, टर्बोला बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास. दुसरं म्हणजे उष्णता. टर्बोच्या इंजिनात आच जास्त, म्हणून प्लगने ती लवकर बाहेर टाकायला हवी.

इथे प्लगचा एक गुण येतो, त्याला हीट रेंज म्हणतात. मेस्त्री लोक गरम प्लग, थंड प्लग असं बोलतात. याचा ठिणगीशी संबंध नाही. स्वतःची उष्णता इंजिनाच्या धातूकडे पटकन सोडून देणारा तो थंड प्लग, हळूहळू सोडणारा तो गरम प्लग. पातळ ॲल्युमिनियमचं भांडं आणि जाड बिडाचा तवा, दोन्ही खाली उतरवले तर कोण लवकर निवतं? तसंच हे. प्लगचं टोक साधारण ४५० ते ८५० अंशांच्या मधे राहायला हवं. त्याहून थंड राहिलं तर काजळी धरते, जळून जात नाही. त्याहून तापलं तर ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून देतं. अशा अवेळी पेटण्याने पिस्टनला भोकसुद्धा पडू शकतं. म्हणून टर्बोच्या गाडीत साध्या गाडीचा गरम प्लग “बसतोय ना, मग घाल” म्हणून घालू द्यायचा नाही.

प्लग विकत घेताना

सगळ्यात पहिली गोष्ट: गाडीचं मॅन्युअल काढा. त्यात प्लगचा नंबर छापलेला असतो. तो नंबर एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवा. दुकानात जाताना “अमक्या गाडीचा प्लग द्या” म्हणण्यापेक्षा तो नंबरच सांगा. एकाच नावाच्या गाडीत टर्बोचं आणि बिनटर्बोचं अशी दोन इंजिनं असतात, आणि दोघांचे प्लग वेगळे असतात.

त्या नंबरातच सगळं भरलेलं असतं. आट्यांची जाडी किती, आट्यांची लांबी किती, हीट रेंज किती, टोक कोणत्या धातूचं. आटे लांब निघाले तर प्लगचं टोक पिस्टनवर आपटू शकतं. आखूड निघाले तर आतल्या रिकाम्या आट्यांत काजळी बसते आणि पुढे बरोबर मापाचा प्लगही धड बसत नाही.

दुकानदार दुसऱ्या कंपनीचा प्लग देत असेल तर एक खोच सांगतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर हीट रेंजचा आकडा जसा मोठा, तसा प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांचं उलट, आकडा मोठा तसा प्लग गरम. म्हणजे एनजीकेचा ७ आणि बॉशचा ७ एकच, असं समजून बदल केला तर घोटाळा होणार. कंपनी बदलायची तर त्या कंपनीच्या तक्त्यात आपली गाडी शोधून जोडीचा नंबर घ्यावा.

धातूचं बोलायचं तर, साधा निकेलच्या टोकाचा प्लग स्वस्त, पण लवकर झिजतो. प्लॅटिनम आणि इरिडियम महाग, पण टोक बारीक आणि टिकाऊ. टर्बोच्या बहुतेक नव्या गाड्यांना कंपनीच इरिडियम देते. मग तिथे स्वस्तातला साधा घालून दोन पैसे वाचवण्यात अर्थ नाही. आणि साध्या गाडीत इरिडियम घातला की अ‍ॅव्हरेज दुप्पट होईल असं कुणी सांगितलं, तर तेही खरं नाही. कंपनीने जो सांगितला तो, आणि सांगितलेल्या किलोमीटरला बदलायचा. साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. इरिडियम जास्त चालतो, पण टर्बोच्या गाडीत तो साध्या गाडीइतका टिकेल असं धरू नका. घाट, ओझं, धूळ असेल तर अधूनमधून काढून बघावा.

बाजारात नकली प्लग खूप आहेत. डबा हुबेहूब असतो. आपण काय बघायचं? आटे गुळगुळीत आणि एकसारखे आहेत का. चिनीमातीच्या पांढऱ्या भागावरची अक्षरं स्वच्छ आहेत का, नखाने निघत तर नाहीत ना. मधली दांडी वाकवलेल्या पत्र्याच्या बरोबर खाली आहे का. आणि वॉशर. अस्सल नव्या प्लगचा वॉशर आट्यांवर फिरतो, पण हाताने सहज निघून हातात येत नाही. तिन्ही प्लग शेजारी धरून बघा, एकाची फट जास्त, एकाची कमी दिसली तर परत करा. आणि पक्कं बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून माल घ्यायचाच नाही.

इरिडियमची फट आपण वाकवून बदलायला जायचं नाही. टोक केसासारखं बारीक असतं, गेज आत सारून ताकद लावली की तुटतं. फट चुकीची वाटली तर दुकानदाराला परत द्या.

जुना प्लग काय सांगतो?

प्लग काढला की फेकू नका आणि मेस्त्रीलाही फेकू देऊ नका. चुलीच्या मागची भिंत बघून लाकूड ओलं होतं की सुकं ते आपल्याला कळतं, तसं प्लगच्या टोकावरून सिलिंडरमध्ये काय चाललंय ते कळतं.

टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल, बोटाला लागत असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर बघा. गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालत असेल आणि इंजिन पुरतं तापतच नसेल, तरी अशी काजळी धरते. टोक ओलं, तेलकट काळं असेल तर इंजिनाचं ऑइल आत येतंय. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील, किंवा टर्बोचं सील, कुठून तरी गळतंय. टोक पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर आत फार तापतंय. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, किंवा चुकीचा गरम प्लग, किंवा कूलिंगचा दोष. आतली चिनीमाती तडकलेली असेल तर इंजिन ठोकतंय, किंवा बसवताना प्लग हातातून पडला होता. आणि एकच प्लग इतरांपेक्षा वेगळा, धुवून काढल्यासारखा स्वच्छ असेल, आणि रेडिएटरचं पाणी गुपचूप कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय का, म्हणजे हेड गॅस्केट, हे तपासून घ्यायला सांगा.

बाहेरच्या पांढऱ्या भागावर, धातूला लागून, तपकिरी डाग दिसतो कधीकधी. त्याला घाबरू नका, तो निरुपद्रवी आहे. पण तिथे वरून खाली काळी रेघ उमटली असेल, तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच उडी मारतेय. कॉइलची रबरी टोपी आणि प्लग, दोन्ही बदलायचे.

प्लग काढताना ते ओळीने ठेवा आणि प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहा. सगळे एका डब्यात टाकले की कोण कुठला ते कळत नाही, आणि निम्मी माहिती तिथेच हरवते. ज्यांच्याकडे पॉवर वीडर किंवा पेट्रोलचा फवारणी पंप आहे, त्यांनी सराव त्याच्यावर करावा. एकच प्लग असतो, समोरच असतो. दोन स्ट्रोकच्या पंपात ऑइल जास्त पडलं की प्लग कसा काळा होतो, हे बऱ्याचजणींनी पाहिलेलंच आहे.

आमच्या गाडीचं काय झालं

आता आमच्या गाडीची गोष्ट सांगतो, कारण दोष शोधायचा म्हणजे काय ते तिच्यातून नीट कळेल.

जुलै महिना होता. सपाट रस्त्याला गाडी लोण्यासारखी चालायची. चिपळूणहून येताना, ओझं असताना, घाट चढायला लागलं की झटके. आणि समोरचा पिवळा इंजिनाचा दिवा उघडझाप करायचा. आधी जवळच्या शहरातल्या एका गॅरेजला नेली. त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं, टर्बो गेलाय, ४८ हजार लागतील. आमचा हप्ता ९ हजार २०० चा. म्हणजे पाच हप्त्यांपेक्षा जास्त पैसे एका दमात. त्या रात्रीच्या बैठकीत तिघीजणी म्हणाल्या, गाडीच विकून टाका, आपला हा धंदा नव्हे. विकली असती तर चिपळूणची गिऱ्हाइकं गेली असती, आणि कर्ज राहिलंच असतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी गॅरेजला एवढंच म्हटलं, दादा, स्कॅनर लावून आम्हाला कोड लिहून द्या. जरा नाराजीनेच त्यांनी लावला. कोड आला पी-०३०२.

हा कोड म्हणजे काय ते ऐका. पी-०३०० म्हणजे मिसिंग आहे, पण कुठल्याही एका सिलिंडरला नाही. पी-०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतोय, ०३०२ म्हणजे दुसरा, ०३०३ म्हणजे तिसरा. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. आमच्या गाडीत ०२९९ आलाच नव्हता. फक्त दुसऱ्या सिलिंडरचा कोड.

मग विचार करा. टर्बो एकच, त्याची हवा तिन्ही सिलिंडरना सारखीच जाते. टर्बो गेला असता तर तिघेही उपाशी राहिले असते. पाण्याच्या टाकीची मोटर बिघडली तर सगळ्या गल्लीला पाणी येत नाही. एकाच घराला येत नसेल तर दोष त्या घराच्या नळात. आमचा दोष दुसऱ्या सिलिंडरच्या घरात होता. आम्ही गाडी परत आणली.

आमच्याकडे एक मेस्त्री आहेत, वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी पैसे खर्च न करता दोष पकडायची रीत दाखवली. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची दुसऱ्यावर. बाकी कशाला हात लावला नाही. स्कॅनरने जुना कोड पुसला आणि गाडी ओझ्यासकट चढाला नेली. झटका आल्याबरोबर परत आणून कोड वाचला. आता आला पी-०३०१. कॉइल जिथे गेली, तिथे दोष गेला. म्हणजे कॉइल खराब.

कोड जागचा हलला नसता, तर त्यांनी त्याच रीतीने प्लगची अदलाबदल केली असती. तरीही हलला नसता, तर पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, आणि शेवटी सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलं असतं. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड शेवटी. हा क्रम पाठ करून ठेवा.

मग त्यांनी प्लग काढले. मॅन्युअलमध्ये फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर लिहिलेली, आमच्या प्लगची झिजून १.१ झालेली. आधीच्या मालकाच्या सर्व्हिस बुकात प्लग बदलल्याची नोंद नव्हती. फट वाढली की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, ते देता देता कॉइलवर ताण येतो आणि एक दिवस ती बसते. सपाटीला दाब कमी, म्हणून कशीबशी ठिणगी पडायची. घाटात टर्बो हवा कोंबायचा, दाब वाढायचा, आणि ठिणगी विझायची. म्हणूनच ते फक्त चढाला व्हायचं.

नवी कॉइल २ हजार ४००, तीन प्लग १ हजार ९५०, मजुरी ४००. एकूण ४ हजार ७५०. नुसती कॉइल बदलून जुने प्लग ठेवले असते, तर नवी कॉइलही त्याच वाटेने गेली असती. गाडी आजही घाट चढते.

दोष ओळखताना काय विचारायचं

आपल्यातल्या जाणत्या बाया अंगावर ताप कधी येतो हे आधी विचारतात, सकाळी की संध्याकाळी, जेवणाआधी की नंतर. गाडीलाही तेच विचारायचं.

जागेवर उभी असतानाच थरथरते का? मग एखादा सिलिंडर पुरता बंद असेल, किंवा हवेचा एखादा पाइप गळत असेल. फक्त चढाला, ओझ्याला झटके मारते का? आधी प्लग आणि कॉइल. पावसात किंवा गाडी धुतल्यावरच होतं का? प्लगच्या खोबणीत पाणी गेलंय, कॉइलची रबरी टोपी फाटलीय का बघा. झटके नाहीत, पण ताकदच नाही, आणि रेस दिल्यावर फुस्स असा आवाज येतो? टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपाची क्लिप ढिली झालीय किंवा पाइप चिरलाय. हा दोष क्लिप आवळून दहा मिनिटांत जातो, आणि त्याच्यावर नवा टर्बो विकला गेल्याचंही ऐकलंय. सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल भराभर कमी, टर्बोच्या पाइपात ऑइल साचलेलं, आणि भोंग्यासारखी शिट्टी? मग मात्र टर्बो नीट तपासून घ्या. पेट्रोल भरल्यावर लगेच सुरू झालं? मग पेट्रोलात पाणी आहे का बघा. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही ते तयार होतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून गाडी महिनोनमहिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. गाडी जुनी असेल तर किती टक्के इथेनॉल चालतं, ते मॅन्युअलमध्ये पाहावं.

इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर सावकाश घरी येऊन स्कॅनर लावा. उघडझाप करत असेल तर ती मोठी खूण आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो भाग फार महाग असतो. रेस कमी करा, सुरक्षित जागा बघून थांबा. गाडी तशीच दामटू नका.

आणि एक जुनी सवय. चालू इंजिनाच्या प्लगची वायर उपटून कुठला सिलिंडर बंद आहे ते बघायची. कॉइलवाल्या गाडीत हे करायचं नाही. माणसाला जबर झटका बसतो आणि कॉइलही जाते.

प्लग बदलताना

हे मेस्त्रीकडून करून घ्या, पण समोर उभं राहा. इंजिन थंड हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढला तर आटे निघून येतात. प्लग काढायच्या आधी खोबणीतली धूळ हवेने फुंकून काढायची, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आधी हातानेच फिरवायचा. अडला तर परत काढायचा, पान्याने दामटायचा नाही. हाताने टेकला की वॉशरवाला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा ते पाऊण फेराच्या आत आवळतात. मॅन्युअलमध्ये आकडा असतो, टॉर्कचा पाना असेल तर उत्तमच.

टर्बो टिकवायचा तर ऑइल वेळेवर आणि सांगितलेल्या दर्जाचंच. टर्बोचा दांडा ऑइलवरच फिरतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, मिनिटभर इंजिन जागेवर चालू द्या. आणि चढाला मोठ्या गिअरमध्ये इंजिन रडत-कण्हत नेऊ नका, एक गिअर खाली घ्या. कमी फेऱ्यांवर भारी ओझं टाकलं की टर्बोच्या इंजिनात मिश्रण अवेळी पेटतं, आणि त्याने पिस्टनचं नुकसान होतं.

मैत्रिणींनो, १८८८ सालची एक गोष्ट. जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभर किलोमीटरच्या वर अंतर. इतक्या लांबचा मोटारीचा प्रवास तेव्हा कुणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या वायरचं आवरण झिजलं, तिथे तिने मोज्याचा पट्टा गुंडाळला. वाटेतल्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. म्हणजे मोटारीच्या ठिणगीचा दोष पहिल्यांदा रस्त्यात काढणाऱ्यांत एक बाई होती, आणि तीही माहेरी निघालेली. हे बायकांचं काम नाही असं कुणी म्हटलं तर ही गोष्ट सांगा.

आता गटाने करायच्या चार गोष्टी. एक, गाडीची वेगळी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे. दुसरी, मॅन्युअलमधला प्लगचा नंबर, फट आणि ऑइलचा दर्जा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिसरी, मोबाइलला जोडायचं छोटं स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतं. दोन-तीन गटांनी मिळून एक घेतलं तरी चालेल. चौथी, पाच हजारांच्या वरचं कुठलंही काम सांगितलं की आधी कोड लिहून मागा, जुना भाग परत मागा, आणि “दादा, दुसरं स्वस्त कारण तपासून झालं का?” एवढा प्रश्न विचारा. चांगला मेस्त्री या प्रश्नाने रागावत नाही, उलट समजावून सांगतो. आणि असा मेस्त्री सापडला तर त्याची मजुरी घासाघीस करून कमी करू नका. आमच्या मेस्त्रींनी ४०० रुपयांत आमची गाडी वाचवली, त्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे आणखी तीन गटांच्या गाड्या पाठवल्या.

पुढच्या भागात ब्रेक आणि टायर यांच्याविषयी बोलू, घाटातल्या गाड्यांसाठी खास. तुमच्या गाडीचे प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून ठेवा आणि केंद्रावर पाठवा.